वहीतला खड्डा

प्रश्न : आम्ही धायरीला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंगचा क्लास लावलाय, पण रात्री ती फिनलंडच्या औलू केंद्रातले वैश्विक किरणांचे (म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचे) आकडे वहीत उतरवत बसते. सौर वाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहाचा, अभ्यास करायचाय म्हणते. तिचे बाबा विचारतात, पोटापाण्याचं काय? – एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी बराच वेळ बघत होतो. मे २०२४ चे आकडे, पेन्सिलीने जोडलेले ठिपके, आणि १० तारखेला रेघ धाडकन खाली. शेजारी तिने लिहिलंय, ‘उतरली काही तासांत, मग चढायला इतके दिवस का?’ अगदी योग्य जागी बोट ठेवलंय पोरीने.

या घसरणीला फोर्बुश घट म्हणतात. स्कॉट फोर्बुश यांनी १९३७ मध्ये ती दाखवून दिली. सूर्यावरून सुटलेला चुंबकीय लोट पृथ्वीवरून जाताना त्याच्या पुढची धक्कालहर आणि तिच्यामागचं खवळलेलं चुंबकीय क्षेत्र बाहेरून येणाऱ्या किरणांना अडवतं. लोट पुढे गेला तरी त्याचा आडोसा काही दिवस राहतो, म्हणून रेघ सावकाश चढते.

आता तिला एक काम द्या. वेगवान सौर वारा पुढच्या संथ वाऱ्याला मागून गाठतो तिथे दाटी होते आणि त्यानेही किरण थोडे घटतात. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने ही दाटी साधारण २७ दिवसांनी पुन्हा समोर येऊ शकते. असे लहान, परत परत येणारे खड्डे तिने औलूच्याच आकड्यांत शोधावेत. वहीत नको, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून. महिनाभर चिकाटीने बसली, तर तिला हे काम खरंच आवडतं असं समजा. कारण या क्षेत्रात रोजचं काम हेच असतं.

बाबांची काळजी रास्त आहे. बारावीनंतर पीएचडीपर्यंत दहाएक वर्षं जातात आणि कायमच्या जागा थोड्या असतात. मात्र पीएचडीला फेलोशिप मिळते, आणि आकडेवारी व प्रोग्रॅमिंगचा हात बाहेरही उपयोगी पडतो. जेईई सोडू नका, जोडीला आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा द्या. पाषाणच्या आयसरमधल्या संशोधकांनी उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरण मोजणाऱ्या प्रयोगाच्या नोंदींवरून याच घटीचा अभ्यास केलाय. नाहीतर चांगल्या कॉलेजात भौतिकशास्त्रात बीएस्सी करून पुढे ‘जॅम’ ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायची. फक्त ‘अवकाश’ या शब्दाला भुलून एरोस्पेस घेऊ नका, तो विषय वेगळा.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था लोकांसाठी खुली असते. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ या भारतीय यानावरची ‘सूट’ दुर्बीण त्यांनीच उभी केली. बाबांनाही न्या. वही बरोबर असू द्या, आणि तो ‘चढायला इतके दिवस का’ तिथल्या कुणा संशोधकाला तिलाच विचारू द्या.