टॉवेल कारखान्यासाठी लिहिलेलं बिलिंग सॉफ्टवेअर खुलं करायचंय. एमआयटी, अपाचे की जीपीएल?

एका टॉवेल कारखान्यासाठी स्टॉक-बिलिंगचं सॉफ्टवेअर तुम्ही लिहिलंत, आता तो कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या वेबसाइटवर, टाकायचाय आणि लायसन्स, म्हणजे इतरांनी तो कोणत्या अटींवर वापरायचा ते, ठरत नाहीये, असं तुम्ही म्हणता. मीही सोलापूरचाच, अक्कलकोट रोड एमआयडीसीत अशीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोड कुणाचा ते बघा. तुम्ही तिथे पगारावर असाल, तर वेगळा करार नसल्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक कारखानदार. बाहेरून काम घेतलं असेल, तर लेखी लिहून देईपर्यंत हक्क तुमचाच. आपल्याकडे सगळं तोंडी ठरतं आणि पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपलं, असं मालक धरून चालतात. कायदा तुमच्या बाजूने असला तरी त्यांची संमती कागदावर घ्याच. एकाच गावात राहायचंय.

मग आत कुठल्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे भाग, आहेत ते तपासा. जावात लिहिलं असेल, तर बिलाची पीडीएफ काढायला आयटेक्स्ट वापरलंय का? आवृत्ती ५ पासून ते एजीपीएलखाली, म्हणजे जीपीएलच्याच कडक प्रकाराखाली, आहे, नाहीतर विकतचं लायसन्स घ्यावं लागतं. ते आत ठेवून अख्खं अ‍ॅप्लिकेशन एमआयटीखाली देता येत नाही. जुन्या आयटेक्स्टवरून निघालेलं ओपनपीडीएफ वापरलंत तर मोकळे राहाल.

एमआयटी म्हणजे कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर ठेवा, बाकी काहीही करा, बंद करून विका. अपाचे २.० साधारण तसंच, वर पेटंटचा परवानाही स्पष्ट देतं. जीपीएलमध्ये, बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं की त्याला सोर्सही, म्हणजे वाचता-बदलता येणारा मूळ कोड, त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. पण कुणी ते आपल्या सर्व्हरवर चालवून महिन्याचे पैसे घेतले, तर जीपीएलची सोर्स द्यायची अट लागू पडत नाही. ही फट २००७ च्या एजीपीएल ३ ने बुजवली.

तुमच्या जागी मी एजीपीएलच घेईन. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा एका कारखान्यात दर कोडमध्येच पक्के लिहिलेले, सोर्स नाही आणि बनवणारा फोन उचलेना. दिवाणजी प्रत्येक बिल पेनाने दुरुस्त करत बसले होते. सोर्स हाताशी असता तर गावातल्या कुठल्याही पोराने ते तासाभरात बदलून दिलं असतं. तुमचं सॉफ्टवेअर कुणी बंद करून याच मालकांना परत विकू नये, असं मला मनापासून वाटतं. बिलावरची रक्कम मराठीत अक्षरी छापणारा भाग असेल, तर तेवढा मात्र वेगळा काढून एमआयटीखाली द्या. तो जितका पसरेल तितकं चांगलं.

एजीपीएल घेतलं म्हणून कमाई थांबत नाही. कॉपीराइट तुमचा असेपर्यंत ज्याला बंद आवृत्ती हवी त्याला वेगळं लायसन्स पैसे घेऊन देता येतं. फक्त, बाहेरच्यांनी पाठवलेल्या ओळींचा हक्क त्यांचा असतो, म्हणून त्या कोडमध्ये घेण्याआधीच त्यांची लेखी परवानगी घ्या.

आणि नावाचं वेगळं बघा. चादर कुठेही विणता येते, पण 'सोलापुरी चादर' या नावाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. तसंच कोड खुला केला तरी सॉफ्टवेअरचं नाव जपायला ट्रेडमार्क लागतो, लायसन्सने ते होत नाही.