भरती न होता दारू सुटेल का?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ४२. दोन वर्षांपासून रोज संध्याकाळी एक क्वार्टर लागते. एरवी गप्प बसून असतात, झोप नाही, कशात मन नाही. महिनाभर ॲडमिट झालो तर नोकरी जाईल म्हणतात. ये-जा करून उपचार होतात का? जाऊबाई म्हणतात, आमटीत गोळी मिसळ, कळणारही नाही. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी गोळीचं बोलू. ती बहुधा डायसल्फिराम असावी. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यात जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत हा धोका राहतो. डॉक्टर ती रुग्णाला सगळं सांगून, लिव्हरची तपासणी करून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी सुरू करतात. ताई, आमटीत मुळीच नको.

ये-जा करून उपचार नक्की होतात. मात्र घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. रोज १८० मिलीची सवय असली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. म्हणून डॉक्टर हा त्रास आवरणाऱ्या वेगळ्या गोळ्या आठवडाभर उतरत्या डोसमध्ये देतात आणि एक-दोन दिवसांआड बोलावतात. पाकीट तुमच्याकडे ठेवा, त्या दिवसापुरत्याच गोळ्या हातात द्या. या गोळ्यांवर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

सोबत थायमिन, म्हणजे बी-१, लागतंच. अशक्तपणा आला की लोक गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घेतात. थायमिनआधी ते चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तिथे दारूचं लपवू नका.

पूर्वी फिट आली असेल, भास होत असतील, लिव्हर खराब असेल किंवा जीव द्यायची भाषा असेल, तर मात्र भरतीच करावी लागते.

खरं काम पुढच्या आठवड्यांत आहे. समुपदेशक पिण्याची वेळ, जागा, सोबत लिहून काढायला सांगतात : पगाराचा दिवस, नेहमीचा कट्टा, भांडणानंतरचा तास. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगथ' संस्थेने प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने जास्त पुरुषांचं पिणं आटोक्यात आलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ते पुरुष पूर्ण अवलंबून नव्हते. तुमच्या घरी बैठका जास्त लागतील.

बहुतेकांचं बिनसतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तब्येत सुधारते आणि जाणं थांबतं. उदासी तशीच राहते आणि तीच पुन्हा बाटलीकडे नेते. म्हणून दारू थांबल्यावर दोन-चार आठवड्यांनी मनाची तपासणी पुन्हा करून घ्या. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्या मध्येच सोडू नयेत.

मध्ये एखाद्या दिवशी प्यायले तरी ठरलेली अपॉइंटमेंट चुकवू नका. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. आणि शक्य असेल तर संध्याकाळी सातची वेळ मागा. तीच त्यांच्या क्वार्टरची वेळ आहे.