शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीला उभं राहावं का?

तुमची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे, समितीची मुदत संपत आलीय आणि नव्या निवडीला उभं राहावं असं तुम्हाला वाटतंय. पण गावात दोन गट आहेत, अध्यक्ष कोण ते आधीच ठरलेलं असतं, मग एकट्या बाईने उभं राहून काय होणार, असा तुमचा प्रश्न आहे.

उभ्या राहा. मी आमच्या गावच्या शाळेच्या समितीवर एक मुदत होते. गट असतात आणि अध्यक्षपदावरून ओढाताणही होते. पण खरं काम करायला ते पद लागत नाही, साधं सदस्यत्व पुरतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. प्रत्यक्षात बायकांची नावं नुसती कागदावर घेतात आणि सभेला नवरे येऊन बसतात. त्यामुळे स्वतःहून काम मागणारी बाई पुढे आली तर तिला नाही म्हणणं कुणालाच सोपं जात नाही. (खासगी विनाअनुदानित शाळांत ही समिती नसते. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांतून सोडत काढतात.)

निवड पालकसभेत होते, बहुतेक ठिकाणी सूचक-अनुमोदक आणि हात वर करून. म्हणजे त्या दिवशी सभेला कोण आलंय यावर सगळं ठरतं. गटवाल्यांची माणसं वेळेवर हजर असतात आणि ज्यांची मुलं रोज त्या शाळेत बसतात त्या आया मजुरीला गेलेल्या असतात. म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा, सभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्या म्हणा आणि सूचना दोन-चार दिवस आधी प्रत्येक घरी पोचेल असं बघा. मग मुलीच्या वर्गातल्या आयांच्या घरी जा. मत मागू नका, शाळेत काय अडतंय ते विचारा. मी गेले तेव्हा घरोघरी एकच गोष्ट ऐकली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली, वरच्या टाकीत पाणी चढत नाही, म्हणून बाहेरून कुलूप. पाचवी-सहावीतल्या पोरी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. हे ऐकल्यावर मी कुठल्या गटाची, असं मला कुणी विचारलं नाही.

आता समितीच्या हातात काय आहे, ते नीट समजून घ्या. शिक्षकाची बदली करणं, कुणाला शिक्षा करणं आपल्या हातात नाही. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, ही आपली कामं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेच्या दरांप्रमाणे पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, 31 ते 100 असेल तर वर्षाला 25 हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान असतं, 101 ते 250 असेल तर 50 हजारांपर्यंत. त्यातला किमान 10 टक्के खर्च स्वच्छतेवर व्हायला हवा. हा नियम मी सभेत वाचून दाखवला आणि कडीचा विषय तिथेच संपला.

पाण्याचा सुटला नाही, कारण नळजोड ग्रामपंचायतीकडे. तिथे कामाला आली ती इतिवृत्ताची वही. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, वही तेच लिहितात. पुष्कळ ठिकाणी कोऱ्या पानाखाली सह्या घेतात आणि मजकूर नंतर भरतात. तसं होऊ देऊ नका. भांडायची गरज नाही, ‘सर, ठराव लिहून झाला की वाचून दाखवा, मग सही करते’ एवढंच म्हणा. आमचा ठराव तारखेसह लिहिला गेला, त्याची नक्कल ग्रामपंचायतीला दिली आणि पोच घेतली. पुढच्या प्रत्येक सभेत मागच्या ठरावाचं काय झालं, हा पहिला प्रश्न मी विचारत राहिले. वेळ लागला, पण पाणी आलं. बोललेलं विरून जातं, वहीत आलेल्याला उत्तर द्यावंच लागतं.

पोषण आहाराची चव अधूनमधून जाऊन घेत जा आणि नोंदवहीत खरं तेच लिहा.

एक कळकळीने सांगते, शिक्षकांना विरोधक समजू नका. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून ऑनलाइन माहिती भरणाऱ्या बाईंकडे संशयाने पाहिलं की त्या मिटून जातात आणि नुकसान आपल्याच मुलांचं होतं. जी मागणी त्या वरिष्ठांकडे करू शकत नाहीत, ती पालक म्हणून समिती करू शकते. आमच्याकडे रिक्त जागेवर शिक्षक मिळावा, हा ठराव बाईंनीच सुचवला होता. मग आम्ही पालक तो घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलो.

या आठवड्यात शाळेत जाऊन आधीच्या समितीचं इतिवृत्त आणि विकास आराखडा पाहायला मागा. कुठले ठराव अर्धवट पडलेत ते कळलं की पालकसभेत काय बोलायचं याची चिंता उरणार नाही. आणि निवडून आलात की पहिल्या सभेपासून स्वतः जा, घरातल्या कुणाला तुमच्या जागी बसू देऊ नका.