ईसीजी नॉर्मल होता, तरी वडिलांना दाखल का केले?

प्रश्न : माझ्या ६४ वर्षांच्या वडिलांना पहाटे छातीवर दडपण आल्यासारखे वाटले आणि दरदरून घाम फुटला. रुग्णालयात पोहोचताच काढलेला ईसीजी नॉर्मल असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. तरीही डॉक्टरांनी घरी न सोडता दोन तासांत आणखी तीनदा ईसीजी काढला आणि रक्तही तपासायला घेतले. त्यांपैकी शेवटच्या पट्टीत दोष दिसला. मग पहिली पट्टी चुकली होती का?

उत्तर : पहिली पट्टी चुकली नव्हती, ती त्या वेळेपुरती खरी होती. नेहमीच्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंदांची नोंद होते, म्हणजे मिनिटाला ७२ ठोके पडत असतील तर साधारण बारा ठोके. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ लागली की ती एकाच वेगाने वाढते असे नाही. ती थोडी विरघळते, वाहिनी अंशतः मोकळी होते, पुन्हा बंद पडते, आणि हा खेळ तासन्‌तास चालू राहू शकतो. पट्टीवर प्रत्येक ठोक्याचा उंच टोकदार भाग, म्हणजे क्यूआरएस, संपला की रेघ मूळ पातळीवर परत येते आणि तेथून टी लहर सुरू होते. वाहिनी पूर्ण बंद झाल्यास या दोहोंमधला एसटी हा भाग बहुतेक वेळा वर उचललेला दिसतो. पण वाहिनी अर्धवटच बंद असेल तर तो खाली दबतो, टी लहर उलटी होते किंवा काहीही बदल दिसत नाही.

दुसरे कारण जागेचे आहे. बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा कोनांतून पाहणारा, ईसीजी दहा इलेक्ट्रोडांवर काढतात. चार हातापायांना आणि सहा छातीच्या पुढच्या व डाव्या बाजूला. हृदयाच्या मागच्या भिंतीवर थेट नजर ठेवणारे त्यांत कोणीच नसते. तिथे इजा झाली तर नेहमीच्या पट्टीत ती आडूनच कळते, आणि म्हणून शंका असल्यास डॉक्टर इलेक्ट्रोड डाव्या पाठीकडे सरकवून पुन्हा नोंद घेतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन वाढायलाही इजेनंतर काही तास लागत असल्याने तीही तपासणी काही अंतराने पुन्हा करावी लागते.

छातीत दुखत असलेला रुग्ण आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढून तो जाणकाराने पाहावा, असा दंडक आहे. मात्र निदानाची सुरुवात यंत्राच्या आधीच झालेली असते. ६४ वर्षांचे वय, दडपण आणि दरदरून घाम, एवढी हकिगत ऐकल्यावर स्वच्छ पट्टी हातात असूनही वडिलांना थांबवून घेणारे डॉक्टर माझ्या मते अगदी योग्य वागले.

प्रश्न : माझे वय ७० असून मला कंपवात आहे. नियमित तपासणीत ईसीजी यंत्राने ‘एट्रियल फ्लटर’ असे छापले, पण डॉक्टरांनी पट्टी निरखून काहीच नसल्याचे सांगितले. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : डॉक्टरांवर. यंत्र त्वचेवर मिळणारी प्रत्येक विद्युत हालचाल टिपते, आणि ती हृदयाची की थरथरणाऱ्या स्नायूची हे त्याला नेहमीच ओळखता येत नाही. कंपवाताचा हात सेकंदाला साधारण पाच वेळा थरथरतो, म्हणजे मिनिटाला सुमारे ३०० वेळा. फ्लटरमध्ये हृदयाचे वरचे कप्पेही जवळपास याच गतीने आकुंचन पावतात, त्यामुळे पट्टीवर दोन्हीकडे करवतीच्या दात्यांसारखीच रेघ उमटते. अशा वेळी आम्ही एक साधी गोष्ट पाहतो. उजवा हात थरथरत असेल तर त्याच्याशी जोडलेल्या लीड १ आणि लीड २ खडबडीत येतात, पण डावा हात आणि डावा पाय यांच्यामधील लीड ३ बरीच स्वच्छ राहते, आणि तिच्यात प्रत्येक क्यूआरएसच्या आधी व्यवस्थित पी लहर, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची छोटी लहर, दिसली तर फ्लटरचा विषय संपतो.

दोन हातांच्या तारा अदलाबदल झाल्या तरी असाच घोटाळा होतो. लीड १ पूर्ण उलटी उमटते आणि यंत्र नसलेला आजार छापून मोकळे होते. ‘ॲब्नॉर्मल’ हा छापील शब्द वाचून रात्रभर झोप न लागलेली माणसे माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून सांगतो की तो शब्द म्हणजे कोणीतरी नीट पाहावे अशी सूचना असते, निदान नव्हे.

प्रश्न : पट्टीवरच्या चौकटींवरून ठोक्यांची गती स्वतः काढता येते का?

उत्तर : येते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एक लहान चौकट ०.०४ सेकंदाची आणि पाच लहान चौकटींची मोठी चौकट ०.२ सेकंदाची होते. लागोपाठच्या दोन आर टोकांमध्ये, म्हणजे क्यूआरएसच्या उंच टोकांमध्ये, किती मोठ्या चौकटी आहेत ते मोजून ३०० ला त्या आकड्याने भागावे. चार चौकटी असतील तर गती ७५. ठोके अनियमित असतील तेव्हा मात्र दहा सेकंदांतील सर्व आर मोजून सहाने गुणावे. पी, क्यू, आर, एस, टी ही नावे डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी दिली. ईसीजीच्या कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले, आणि त्यांची अक्षरे आम्ही आजही तशीच वापरतो.

प्रश्न : मनगटी घड्याळातला ईसीजी आणि घरातल्या जुन्या पट्ट्या डॉक्टरांना दाखवून उपयोग होतो का?

उत्तर : घड्याळ एकाच लीडची नोंद घेते. अधूनमधून होणारी धडधड पकडायला ते उपयोगी पडते, परंतु हृदयविकाराचा झटका नाही असे ते सांगू शकत नाही. छातीत दुखत असताना त्याच्याकडे पाहत बसू नये. जुन्या पट्ट्या मात्र अवश्य आणाव्यात. डाव्या बाजूचा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातील विद्युत संदेशाच्या डाव्या वाटेतला अडथळा), उलटी टी लहर किंवा किंचित उचललेला एसटी आज पहिल्यांदा दिसतो आहे की दहा वर्षांपासून तसाच आहे, यावर पुढचा सगळा निर्णय फिरू शकतो. यंत्राचा कागद उष्णतेने छापणारा असल्यामुळे त्यावरील रेघा काही वर्षांत पुसट होतात, म्हणून पट्टी हातात आली की लगेच तिची छायाप्रत काढून तारीख लिहून ठेवावी, आणि त्या वेळी काही त्रास होत होता का, हेही शेजारी एका ओळीत नोंदवावे.