आटे गेलेलं इंजिन: दुरुस्ती करावी की हप्त्यावर नवं यंत्र घ्यावं?

प्रश्न: मी गवत कापायचं वापरलेलं यंत्र विकत घेतलं. दोन महिने नीट चाललं, मग इंजिनाच्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) कडेने फुसफुस आवाज यायला लागला. गॅस्केट (हेडखालची हवाबंद पट्टी) बदलायला हेड उघडलं. परत बसवताना चारपैकी एक बोल्ट घट्टच होईना, नुसता फिरत राहिला. बाहेर काढला तर ॲल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे त्याला गुंडाळून आले. दुसरा बोल्टही आता मऊ लागतोय. किट आणून स्वतः दुरुस्ती करू, वर्कशॉपला देऊ, इंजिनच बदलू की २४ हप्त्यांवर नवं यंत्र घेऊ? सगळ्यांचे दर सोबत लिहिलेत. मला ड्रिल चालवता येतं, पण टॅप (आटे पाडायचं हत्यार) कधी फिरवलेला नाही. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बाजूला आहे. ती मोडली तर नवं यंत्र रोखीने येईल, पण जवळजवळ निम्मी शिल्लक संपेल. मोजलेले पैसे वाया गेले याचं फार वाईट वाटतंय.

उत्तर: वाईट वाटणं अगदी साहजिक आहे, आणि आधी त्याबद्दलच बोलू, कारण तुमच्या पत्रातला सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. यंत्राला मोजलेले पैसे गेले. तुम्ही काहीही ठरवलंत तरी ते परत येणार नाहीत, म्हणून ते हिशेबात धरायचेच नाहीत. धरायची आहे ती आजच्या अवस्थेत यंत्र विकलं तर मिळणारी रक्कम. दुरुस्ती करायची ठरवलीत की ती रक्कम तुम्ही सोडून देता, म्हणजे तो दुरुस्तीचाच खर्च झाला.

तुमच्या रकमा मी प्रमाणात मांडतो. यंत्राला मोजलेली किंमत १०० धरली, तर तुमच्याच आकड्यांनुसार आटे दुरुस्तीचं किट २२, गॅस्केट ६, वर्कशॉपची मजुरी एका भोकाला ४५, नवं इंजिन १३०, नवं यंत्र रोखीने ३१० आणि हप्त्यांनी एकूण ३५२. बिघडलेलं यंत्र आहे तसं विकलं तर २५.

नवं यंत्र तुमच्या वापराला ८ हंगाम पुरेल असं धरू. हप्त्यांवर घेतलंत तर ते हंगामाला ४४ ला पडतं. किटने दुरुस्ती केलीत तर २२, ६ आणि सोडलेले २५ मिळून ५३. म्हणजे दुरुस्त केलेलं यंत्र जेमतेम सव्वा हंगाम चाललं तरी बरोबरी झाली, आणि त्यापुढे चालेल तेवढा तुमचा फायदा. नव्या यंत्राला ८ ऐवजी १० हंगाम दिले तरी ही रेषा दीड हंगामावर येते. इतक्या थोड्या अपेक्षेवर उभा असलेला पर्याय सहसा सोडू नये. वर्कशॉपला एकच भोक दिलंत तर खर्च ७६ आणि बरोबरीला पावणेदोन हंगाम. पण तुम्ही लिहिलंय की दुसरा बोल्टही मऊ लागतोय. दोन भोकं दिली की तो आकडा १२१ वर जातो आणि बरोबरीला पावणेतीन हंगाम लागतात. जुन्या सांगाड्यावर नवं इंजिन बसवायचं तर १५५, म्हणजे साडेतीन हंगाम, आणि चाकं, दांडा, पत्रा सगळं जुनंच राहणार. तो पर्याय मी आत्ताच बाजूला ठेवतो.

माझा कल किटकडे आहे, पण एका अटीवर. ती अट पैशाची नसून इंजिनाच्या प्रकृतीची आहे.

हेड उघडलेलंच आहे, ही संधी पुन्हा मिळणार नाही. एरवी हे बघायला मजुरी मोजावी लागली असती. स्पार्क प्लगची वायर काढून लांब बांधून ठेवा, मग पातं हाताने सावकाश फिरवून पिस्टन खाली न्या आणि सिलिंडरची भिंत बघा. बोटाच्या नखाला अडकतील असे उभे ओरखडे असतील तर हे इंजिन तेल पिणारं आहे. आटे नवे केले तरी ते फार दिवस साथ देणार नाही. नंतर पेट्रोल काढून टाका आणि यंत्र कलतं करा. खाली पात्याचा बोल्ट ज्या शाफ्टला लागतो त्या शाफ्टच्या टोकाकडे बघत पातं फिरवा. टोक एका जागी न फिरता डगमगत असेल तर आधीच्या मालकाने कधीतरी दगडावर पातं आपटून क्रँकशाफ्ट, म्हणजे हाच शाफ्ट, वाकवलाय. तसं असेल तर एक पैसाही लावू नका. थरथर तर वाढतेच, पण वाकलेला शाफ्ट पुढे तुटण्याचा धोका असतो आणि त्याच्या टोकाला धारदार पातं फिरत असतं. शेवटी आटे गेलेल्या भोकाभोवतीचं ॲल्युमिनियम उजेडात नीट तपासा. तिथे तडा दिसला तर किटचा उपयोग नाही.

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यावर वरचं सगळं गणित उभं आहे. वापरलेल्या वस्तूच्या दुरुस्तीत लोक पैसे गमावतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर: समोर दिसतो तो बिघाड दुरुस्त करतात आणि न दिसणारा बिघाड महिन्याभराने दार ठोठावतो.

तपासणीत सगळं ठीक निघालं असं धरून पुढे जाऊ. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचे. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन तापलं-थंड झालं की मऊ धातूच्या आट्यांवर ताण येतो. त्यात कुणी अंदाजाने पाना आवळला की आटे जातात. तुमच्या हातात गेले म्हणून दोष तुमचाच असं मानू नका, ते आधीच दमलेले असू शकतात. दुसऱ्या बोल्टबद्दलची तुमची शंका म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. चारही बोल्टांनी तोच ताण आणि तोच पाना सोसलाय.

किटचा खरा आर्थिक फायदा इथेच आहे. टॅप, ड्रिल आणि बसवायचं हत्यार यांचे पैसे एकदाच जातात. किटमध्ये इन्सर्ट बरेच असतात, त्यामुळे दुसरं भोक जवळजवळ फुकट होतं. वर्कशॉपमध्ये प्रत्येक भोकाची मजुरी वेगळी.

इन्सर्ट म्हणजे पत्त्यातल्या चौकटीसारखा छेद असलेल्या स्टेनलेस स्टील तारेची गुंडाळी, बोलीभाषेत हेलिकॉइल. भोक थोडं मोठं पाडून त्यात खास टॅपने नवे आटे पाडायचे आणि ही गुंडाळी आत फिरवून बसवायची. बोल्ट जुन्याच मापाचा लागतो. आता बोल्टचे आटे स्टीलवर बसतात आणि गुंडाळीचा बाहेरचा व्यास मोठा असल्यामुळे ॲल्युमिनियमवरचा भार जास्त जागेत पसरतो. नीट बसवलेलं इन्सर्ट मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतं, म्हणून विमानांच्या इंजिनांतही ते वापरतात. तुमच्या पैशांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ही तात्पुरती डागडुजी नाही. ट्यूबमधल्या इपॉक्सीने आटे भरायचा विचार मात्र हेडच्या बोल्टसाठी करू नका. ते हलक्या कामाला, झाकणाच्या स्क्रूला चालतं. हेडजवळची उष्णता आणि दाब त्याला झेपत नाही.

किट मागवण्याआधी माप नक्की करा, कारण पैसे वाया जाण्याची सगळ्यात मोठी शक्यता इथे आहे. छोट्या इंजिनांत दोन पद्धती आढळतात, इंची आणि मेट्रिक. ५/१६ इंची बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर आणि मेट्रिक एम८ चा ८. डोळ्याला फरक दिसतच नाही. फरक आट्यांच्या अंतरात आहे: ५/१६ च्या जाड आट्यांत इंचाला १८ आटे, म्हणजे अंतर १.४१ मिलिमीटर, तर एम८ मध्ये साधारणपणे १.२५. चांगल्या राहिलेल्या बोल्टवर पिच गेज (आट्यांचं अंतर ओळखायची दातेरी पट्टी) लावा. गेज नसेल तर १० अंतरं पट्टीने मोजा: १४.१ आलं तर इंची, १२.५ आलं तर मेट्रिक.

आणि मागवण्याआधी एक गोष्ट फुकटात तपासा. बारीक तार घालून भोकाची खोली मोजा. बोल्ट जिथे संपतो त्याच्या खाली न वापरलेले आटे शिल्लक असतील, तर थोडा लांब बोल्ट घालूनही पकड मिळते. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी आटे धरायला हवेत, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टला १२. तेवढे मिळाले तर २२ ऐवजी एका बोल्टच्या किमतीत काम भागेल. बोल्ट तळाला टेकत नाही ना एवढं मात्र बघा, नाहीतर हेड दाबलंच जाणार नाही.

तुम्ही लिहिलंय की ड्रिल चालवता येतं पण टॅप कधी फिरवलेला नाही. या कामातली खरी जोखीम तीच आहे. भोक तिरकं गेलं तर ते परत सरळ करणं कठीण. ॲल्युमिनियमच्या भंगार तुकड्यावर आधी दोन भोकं पाडून बघा. ती सरळ आली तर इंजिनाला हात लावा, नाहीतर वर्कशॉपला द्या. एकच भोक असेल तर जास्तीचे २३ हा मग विम्याचा हप्ता समजा, मला तो महाग वाटत नाही. स्वतः करणार असाल तर सिलिंडरचं तोंड चिंधीने बंद करा, टॅपला ग्रीस लावा म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येईल, आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा टॅप फिरवा. गुंडाळी पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसू द्या, मग तिची शेपटी तोडून आठवणीने बाहेर काढा. बोल्ट आवळायला टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, लागेल. तो विकत घेऊ नका, कुणाकडून मागून आणा आणि इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा लावा. चारही बोल्ट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे.

आता शिल्लक आणि हप्ते. शिल्लक मोडायला माझा स्पष्ट नकार आहे. ती आजारपण आणि बंद पडलेल्या पगारासाठी आहे, गवत दोन आठवडे वाढलं तर काही बिघडत नाही. कर्जालाही नकार, पण हप्त्याची रक्कम मला आवडली. महिन्याला साधारण १४.७ तुम्हाला परवडतात असं तुम्हीच ठरवलं होतं ना? मग दुरुस्ती झाल्यापासून तेवढीच रक्कम दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका. २२व्या महिन्यात ३१० जमतात. नव्या यंत्राची किंमत तोवर थोडी वाढेल, पण व्याजाचे ४२ तुमच्याकडेच राहिलेले असतील, त्यातून ती वाढ बहुधा भागेल. तोवर जुन्या यंत्राने दोन हंगाम काढले तरी पुरे, आणि बरोबरीला तर सव्वाच लागतो.

एक मर्यादा आजच कागदावर लिहून ठेवा: या यंत्रावर यापुढे एकूण ५०. किट आणि गॅस्केट मिळून २८ जातील, उरले २२. त्यात कार्ब्युरेटरची साफसफाई, प्लग, पात्याची धार बसेल. त्यापुढचा खर्च आला की विकायचं, आणि विकताना घेणाऱ्याला इन्सर्ट कुठे बसवलंय ते सांगायचं.

शाफ्ट डगमगताना दिसला तर मात्र किट मागवू नका. दोष सांगून सुट्या भागांसाठी विका, २५ पेक्षा कमी आले तरी घ्या, आणि हाच मासिक हप्ता त्याच दिवसापासून खात्यात टाकायला लागा.