रेल्वेच्या जुन्या नकाशाचं साल कसं ओळखावं

सुरुवात बाल्टिमोर अँड ओहायो या अमेरिकेतल्या जुन्या रेल्वे कंपनीच्या नकाशांपासून करा. कोपऱ्यात छापलेल्या सालावर विसंबू नका. छपाईची जुनीच प्लेट डागडुजी करून पुन्हा छापायचे. रूळ कुठवर पोचलेत ते बघा: हार्पर्स फेरी 1834, कंबरलँड 1842, व्हीलिंग 1853. तुटक रेघ म्हणजे बहुधा नुसता बेत. काही नकाशांत बेतही ठळक रेघेत मिरवतात (शेअर खपवायचे असायचे ना!).

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना रेखांश ग्रिनिचऐवजी वॉशिंग्टनपासून मोजलेत का पाहा, नाहीतर नकाशा सुमारे 77 अंश सरकतो. जुळणीचे बिंदू (दोन्ही नकाशांत सापडणाऱ्या जागा) नद्यांच्या संगमांवर घ्या. हार्पर्स फेरीला पोटोमॅक आणि शेनँडोआ मिळतात, तो झकास. सहा-आठ बिंदू पुरेत, पण चहूकडे पसरलेले. एकाच कोपऱ्यात घेतले तर उरलेला नकाशा वेडावाकडा ताणला जातो.