वाड्यावरच्या इतिहास मेळाव्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

वाड्यावर गावच्या इतिहासाचा मेळावा भरवतो आहेस, हे वाचून फार आनंद झाला. कार्यक्रमपत्रिका पाहिली. मूळ पुरुषापासूनची वंशावळ, सनदा, सत्कार, सगळं आहे. पण ज्यांनी तुमची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली, त्यांच्या घरचं एकही नाव नाही. ते आधी घाल.

1948 चा कूळ कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, म्हणजे कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं गेलं तो दिवस, तुमच्याकडे 'जमीन गेली' म्हणून सांगतात. त्यांच्याकडे 'जमीन आली' म्हणून. दोन्ही ऐकल्याशिवाय गावचा इतिहास पुरा होत नाही. घरी जाऊन आमंत्रण दे आणि त्यांना सदरेवर पुढे बसव. माहेरवाशिणींनाही बोलाव, माजघरात काय घडलं ते त्यांनाच ठाऊक. म्हातारी माणसं बोलताना साल चुकलं तरी टोकू नकोस. '72 च्या दुष्काळाआधी की नंतर?' एवढंच विचार, बरोबर आठवेल.

माळ्यावरच्या दप्तराचे रुमाल, म्हणजे जुने कागद बांधलेली फडकी, घाईने सोडू नकोस. आधी फोटो काढ, कागदांचा क्रम तसाच ठेव. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. मोडी वाचणारं कुणी नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचार. 1910 पासून ही संस्था अशाच कागदांसाठी झटते आहे. कागदावर 'खमस सबैन मया व अलफ' असं अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष दिसलं तर तो शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली जुनी कालगणना) 1175. त्यात 599 मिळव, इसवी सन 1774 येईल. मात्र हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला 600 मिळवायचे.

सनद काचेत लावावीशी वाटेल, लाव. पण माझ्या मते खंडाची, म्हणजे कुळांनी जमिनीपोटी द्यायच्या भाड्याची, आणि मजुरीची यादी तिच्याहून मोलाची. त्यातल्या माणसांचे पणतू समोर बसलेले असतील. ती नावं मोठ्याने वाच.

कर्जखत किंवा गहाणखत सापडलं तर मात्र चारचौघांत काढू नकोस. आधी त्या घरी नेऊन दाखव. ते 'वाचा' म्हणाले तरच वाच, नाहीतर रुमालात परत ठेव.

तुझा शुभचिंतक